गच्चीवर सोलर बसवण्याआधी: सोसायटीच्या कमिटीसाठी माहिती

आम्ही ठाण्यात गच्चीवर सोलर बसवतो. कमिटीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आमच्या गच्चीवर किती किलोवॅट बसतील?" आम्ही उलट विचारतो, कॉमन मीटरचं बिल किती येतं? लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे, सगळं त्या एका मीटरवर चालतं आणि सोलरचा हिशोब तिथूनच सुरू होतो. गच्ची मोठी आहे म्हणून ती भरून टाकायची नसते. मीटरच्या मंजूर भारापेक्षा (वीज कंपनीने त्या मीटरला मंजूर केलेल्या किलोवॅटपेक्षा) जास्त क्षमता तशीही बसवता येत नाही.

ढोबळ हिशोब सोपा आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे २० किलोवॅटचे महिन्याला सुमारे २,४०० युनिट. "सरासरी" हा शब्द मात्र नीट वाचा. एप्रिलमध्ये जे मिळतं ते जुलैत निम्म्यावर येतं, कारण ठाण्याचा पाऊस ठाण्याचाच असतो.

नेट मीटर म्हणजे उन्हाळ्याची बेगमी

आपल्याकडे पापड-कुरडया उन्हात वाळवून डबे भरून ठेवतात, तसंच हे आहे. दुपारी लिफ्टला कमी वीज लागते आणि पॅनेल जास्त बनवतात. ती जास्तीची वीज महावितरणच्या तारांमध्ये जाते आणि मीटरवर तुमच्या नावे जमा होते. रात्री आणि पावसाळ्यात तुम्ही ती वापरता. फक्त हा डबा ३१ मार्चला रिकामा होतो. तोवर शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्याच्या मानाने फारच कमी. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवण्यात अर्थ नाही. असं सांगितल्यामुळे आमची काही मोठी कामं गेली आहेत, हेही कबूल करतो.

"बिल शून्य" अशी जाहिरात दिसली तर बिलातला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी दर महिन्याला लागणारी रक्कम, शोधा. तो शून्य होत नाही.

लाईट गेली की सोलरही बंद

हे आम्ही एका सोसायटीला आधी सांगितलं नव्हतं, चूक आमची. जून महिना, दुपारचे तीन, केबल फॉल्टमुळे सगळ्या गल्लीची लाईट गेलेली. मधूनच चक्क ऊन पडलेलं आणि सेक्रेटरी काकांचा फोन, "अहो, वर एवढं सोलर आहे आणि आमची आजी लिफ्टमध्ये अडकली आहे!" आजी दहा मिनिटांत बाहेर आल्या, पण आमची मान खाली गेली.

कारण असं, की बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) बाहेरची वीज गेली की मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो. नाहीतर खांबावर किंवा खड्ड्यात दुरुस्ती करणाऱ्या लाईनमनच्या हातातल्या तारेत तुमच्या गच्चीवरची वीज पोचेल. म्हणून लिफ्टचा जनरेटर किंवा बॅकअप काढून टाकू नका.

सावली डिसेंबरची बघा

मे महिन्याच्या मध्यावर ठाण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत पाहणी केली तर कुठलीही गच्ची झकास वाटते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे झुकून जेमतेम ४७ अंशांवर असतो. तुमच्या दक्षिणेला उभा असलेला टॉवर तुमच्या गच्चीपेक्षा जेवढा उंच, जवळजवळ तेवढी लांब त्याची सावली तुमच्या बाजूला येते. घोडबंदर रोडला तर आज शेजारी मोकळा प्लॉट दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे काय उठणार आहे ते विचारून ठेवा. आमच्या पाहणीत डिसेंबरच्या सावलीचा नकाशा असतो. दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलंत तरी तो मागा.

सबसिडी

केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि ती २०२६-२७ पर्यंत आहे. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी एकूण ७८,०००. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत. रक्कम काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर थेट तुमच्या खात्यात येते. "सबसिडी आम्ही मिळवून देतो, आधी इतके द्या" असं कोणी म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा.

कोळशाचं काय?

सभेत एखादे आजोबा हमखास विचारतात, आपल्या चार पॅनेलनी जगाचं तापमान कमी होणार आहे का? प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत नेट झिरोचं (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढा शोषूनही घेऊ) आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचं उद्दिष्ट जाहीर केलं. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष बनलेली वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो, त्यामुळे बनणारी वीज अजूनही बहुतांश कोळशाचीच आहे. चंद्रपूरहून आपल्याच जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब लाईन आली आहे, ती याच विजेसाठी.

ग्रिडच्या, म्हणजे बाहेरच्या तारांतून येणाऱ्या विजेच्या, एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २० किलोवॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण २० टन वाचवतो. आजोबांना आम्ही एवढाच आकडा सांगतो. ठराव मंजूर होतो तो बहुतेक वेळा खजिनदारांच्या आकड्यावर, आणि त्यात काही गैर नाही.

आम्ही कधी "नको" म्हणतो

इमारत तीन-चार वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर थांबा. नौपाडा, पाचपाखाडीतल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांना आम्ही हेच सांगितलं. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशोबाने घ्यायचे असतात. गच्ची गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर, उलट क्रमाने केलंत तर सगळा सांगाडा काढावा लागेल. स्लॅबला भोकं पाडण्यापेक्षा आम्ही शक्यतो काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करतो, मात्र त्याआधी त्या वजनाला स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते.

आणि कबुतरं! ही तक्रार आम्हाला धुळीपेक्षा जास्त येते. पॅनेलच्या खाली ती घरटी करतात आणि वर काय करतात ते सांगायला नको. कडेने जाळी सुरुवातीलाच लावून घ्या. धुवायचं ते सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने, तापलेल्या काचेवर पाणी ओतायचं नाही. वॉचमनला हे एकदा करून दाखवावं लागतं, ते आम्ही दाखवतो.

पाहणीला येऊ तेव्हा कॉमन मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा. जुने सोलर वॉटर हीटर बंद पडून गच्चीवर जागा अडवून असतील तर ते काढायचे की ठेवायचे, हे कमिटीत आधी ठरवा. आणि गच्चीची चावी कोणाकडे असते, तेही. मागच्या तीन पाहण्यांत आमचा अर्धा तास चावी शोधण्यातच गेला.