सलग वेल्ड, सरळ पत्रा: गंजलेल्या मोनोकॉक गाड्यांच्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची तपासणी १९६० साली सुरू झाली, तरी पत्र्याच्या वेल्डिंगला खरं वळण लागलं ते १९७७ पासून. बॉडी आणि चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, अवस्था त्या वर्षी तपासणीत आली. तोवर गंजलेल्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, लांबी (पुट्टी) भरून, वर काळं अंडरकोटिंग फासून भागत होतं. आता सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात, तिथला पत्रा ठोकून पाहिला जाऊ लागला.

हा प्रश्न मुळात मोनोकॉक, म्हणजे स्वतःच भार पेलणाऱ्या बॉडीचा. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्सिऑं अव्हांपासून वेगळी चासी हळूहळू गेली आणि सगळा भार पातळ पत्र्यावर आला. कारखान्यात ते पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडतात. ठिपक्याएवढ्या जागी, दाबाखाली, क्षणभर उष्णता. त्यामुळे पत्रा वाकत नाही. दुरुस्तीवाल्याला ती सोय नव्हती. गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचा वीतभर पत्रा तापायचा.

वादाचा मुद्दा ठरला तो तपासणीचा एक नियम: भार पेलणाऱ्या भागावर पॅच, म्हणजे पत्र्याचा ठिगळ, मारला, तर त्याची कड चहूबाजूंनी सलग वेल्ड हवी. अधूनमधून मारलेले वेल्डचे टाके चालणार नाहीत, ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) तर नाहीच. पूर्ण पॅनेल बदलत असाल, तर मात्र कारखान्यासारखे स्पॉट चालतील. कारागिरांची तक्रार अशी की मूळ गाडीच तुटक ठिपक्यांवर उभी आहे. मग दुरुस्तीलाच सलग वेल्ड का? तक्रार समजते, पण माझ्या मते नियम बरोबर होता. ठिपके कारखान्यात स्वच्छ, एकमेकांना घट्ट भिडलेल्या पत्र्यांवर पडतात. पॅच बसतो गंजाच्या शेजारी, आणि दोन टाक्यांमधल्या फटीतून पाणी पुन्हा आत शिरतं.

नियमाने जोड कसा दिसावा ते सांगितलं, कसा करावा ते सांगितलं नाही. ‘सलग’ म्हणजे एका दमात ओढायचा, असा अर्थ अनेकांनी घेतला आणि पत्र्याला लाटा आल्या. कारण साधं आहे. तापलेला भाग पसरू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दबून जाड होतो. थंड होताना तो आक्रसतो आणि सगळा पत्रा स्वतःकडे ओढतो.

उपाय मिळाला मिग वेल्डिंगमुळे, म्हणजे गॅसच्या आवरणात सतत वायर पुरवणाऱ्या विजेच्या वेल्डिंगमुळे. बारीक वायर आणि कमी उष्णता हे तंत्र १९५० च्या दशकाअखेरीस तयार होतं. १९८० च्या दशकात छोटी मशीन घरगुती गॅरेजपर्यंत पोचली. साधारण मिलीमीटरभर पत्र्याला ०.६ मिमी वायर. आधी दर इंचाला एक टाका, मग दोन टाक्यांच्या मधोमध एक, तोही आधीच्या टाक्याला लागून नव्हे, दूरच्या टोकाला. हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा. असे टाके एकमेकांना मिळत जातात आणि शेवटी वेल्ड सलगच होतो. ओल्या फडक्याने घाईत थंड करण्यावर अजूनही दुमत आहे. मी वाट पाहणाऱ्यांच्या बाजूचा.

सिल कापताना तर वेल्डच्याही आधी काळजी लागते. गाडी मधोमध जॅकवर असेल तर टोकं खाली झुकतात आणि तशीच वेल्ड झाली की दार कायमचं घासतं. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाक्यांनी बसवतात, मगच कटर लावतात.

पुढे झिंक चढवलेला पत्रा आला, मग बोरॉन स्टील हे फार मजबूत पोलाद. ते तापवलं की ताकदच जाते, त्यामुळे अशा भागांवर गाडी बनवणारेच पॅच मारू देत नाहीत. मात्र मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, २०१४ पर्यंत बनत राहिलेली अॅम्बेसेडर आणि कुर्ल्यात घडलेली, २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून बाहेर पडलेली पद्मिनी या साध्या स्टीलच्या मोनोकॉक गाड्या. त्यांच्या सिलला आजही हेच टाके लागतात.