स्पंद लेसर : पदार्थपृष्ठावरील परिणाम

लेसरची ऊर्जा सलग न सोडता अतिशय अल्पकाळाच्या ठोक्यांत म्हणजे स्पंदांत सोडली, तर पदार्थाचा वरचा थर तापतो, वितळतो किंवा वाफ होऊन उडतो. १ मिलिज्यूल ही ऊर्जा तशी क्षुल्लक. पण तीच १० नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) सोडली की शक्ती १०० किलोवॉटपर्यंत चढते. तेवढ्या वेळात तांब्यात उष्णता सुमारे १ मायक्रोमीटरच आत जाते, त्यामुळे खालचा भाग थंड राहतो. फेम्टोसेकंद (नॅनोसेकंदाचा दशलक्षांश) स्पंदात ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात आणि ती अणूंच्या चौकटीत म्हणजे स्फटिकजालकात उतरायला काही पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) लागतात. म्हणून छिद्राच्या काठावर वितळलेला कड फारसा उरत नाही.

पहिला लेसर, म्हणजे थिओडोर माइमन यांचा १९६० चा माणिक लेसर, स्पंदितच होता. कापडाला उपयोगी पडणारा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा कार्बन डाय-ऑक्साइड लेसर बारामतीत जन्मलेल्या सी. कुमार एन. पटेल यांनी १९६४ मध्ये सिद्ध केला. सोलापुरी टॉवेल-चादरीचे सूत हा प्रकाश चांगला शोषते, पण ते वितळत नाही, जळते. म्हणून कड तपकिरी होते. गणवेशाच्या पॉलिएस्टरमिश्रित कापडाची कड उलट वितळून बंद होते, धागे सुटत नाहीत, मात्र ती हाताला टोचते. पीव्हीसी या प्लॅस्टिकचे रेक्झिन या यंत्रावर घेऊ नये : हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो फुप्फुसांप्रमाणेच यंत्राच्या आरशांनाही खातो.

लेसरने दगडाच्या सफाईचा आरंभ सामान्यतः १९७२ च्या सुमारास व्हेनिसमध्ये जॉन ॲस्मस यांनी केलेल्या प्रयोगांपासून धरतात. संगमरवरावरील काजळीचा काळा थर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषून उडतो; खालचा पांढरा दगड तो परतवतो आणि क्रिया आपोआप थांबते. ही स्वयंमर्यादा दख्खनच्या काळ्या पाषाणावर गृहीत धरता येत नाही. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटबंदीसारख्या बांधकामातील बेसाल्टमध्ये पायरोक्सीन व मॅग्नेटाइट ही गडद खनिजे असतात आणि दगड स्वतःच प्रकाश शोषतो. थर गेल्यावरही मारा चालू राहिला तर पृष्ठ वितळून काचेसारखे चकाकते. ते पूर्ववत होत नाही. दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट हे पाणी धरून ठेवणारे खनिज असेल तर त्यातील पाणी तापून कण फुटण्याचाही संभव असतो.

सफाईनंतर फिक्या दगडावर येणाऱ्या पिवळेपणाबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते लोहाच्या ऑक्साइडांत बदल होतो. काहींच्या मते काजळीतील सेंद्रिय द्रव्ये दगडात मुरून राहतात. तर काहींच्या मते तो मुळातलाच जुना थर असून काजळी गेल्यावर केवळ उघडा पडतो. प्रत्येक दगडाचा इतिहास वेगळा असल्याने एकाच कारणावर बोट ठेवणे धाडसाचे वाटते. अथेन्सच्या ॲक्रॉपॉलिस टेकडीवरील प्राचीन वास्तूंवर १०६४ व ३५५ नॅनोमीटरचे किरण एकत्र वापरून हा दोष टाळण्यात आला. बेसाल्टवर मात्र पिवळेपणापेक्षा वितळण्याचीच धास्ती अधिक.

चाचणी नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात, दर चौ. सेंमी.ला सुमारे ०.३ ज्यूलपासून सुरू करून थोडीथोडी वाढवत करावी. दर टप्प्यावर दगड वाळू देऊन दहापट भिंगाने पाहावे. पाण्याचा हलका फवारा दिल्यास कमी ऊर्जेत थर सुटतो. सर्वाधिक चूक अंतराची होते. ३०० मिलिज्यूल ऊर्जा ६ मिमी. व्यासाच्या ठिपक्यावर पडली तर मारा दर चौ. सेंमी.ला सुमारे १ ज्यूल असतो. पण हात हलून ठिपका ३ मिमी. झाला की तोच ४ ज्यूलच्या वर जातो, आणि यंत्राच्या पडद्यावरचा ऊर्जेचा आकडा मात्र तसाच राहतो.

शेंदराची पुटे चढलेल्या मूर्तीवर हा लेसर चालवू नये. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. ते माऱ्याने काळवंडते. हिंगुळ या लाल रंगद्रव्याचीही तीच गत, शिवाय त्यात पारा असतो. अशी पुटे द्रावकाने मऊ करून लाकडी कोरणीने उतरवावीत. जवळच्या भागावर लेसर चालवायचाच असेल तर शिशाची बारीक धूळ खेचणारे शोषकयंत्र उडणाऱ्या कणांपासून वीतभर अंतराच्या आत असावे, नाकावर गाळणीचा मुखवटा आणि डोळ्यांवर १०६४ नॅनोमीटरसाठीचाच चष्मा असावा, कारण हा किरण डोळ्यांना दिसत नाही.