गावात राहिलेल्यांची आणि गाव सोडलेल्यांची आडनावे

नवी मुंबईतल्या नेरुळमधील एखाद्या सोसायटीच्या प्रवेशद्वारापाशी लावलेली सभासदांच्या नावांची पाटी सावकाश वाचली, तर तिच्यावर चिपळूणकर, सांगलीकर, नगरकर अशी आडनावे सहज सापडतात. जवळच्या करावे किंवा दिवाळे गावठाणात शिरले, की दारांवर पाटील, म्हात्रे, भोईर, कोळी, तांडेल दिसू लागतात. बेलापूरकर मात्र खुद्द बेलापुरात शोधावा लागतो. आडनाव मुळात माणूस वेगळा ओळखू यावा यासाठी असते, आणि जिथे सारेच बेलापूरचे, तिथे ‘बेलापूरकर’ या हाकेला कोणी एकाने ओ देण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच ‘कर’ लागलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतर, नव्या शेजाऱ्यांच्या तोंडी रुजते. तळकोकणात गावातच राहून गावाचे नाव लावणारी घराणीही आहेत, त्यामुळे हा नियम सरसकट लावू नये.

जे गावातच राहिले त्यांची ओळख कामावरून किंवा मानावरून पटली. होडीवरच्या खलाशांचा प्रमुख तो तांडेल. म्हात्रे हे आडनाव ‘महत्तर’, म्हणजे गावातील ज्येष्ठ, या शब्दाशी जोडले जाते, तर पाटील या शब्दाचे मूळ जुन्या ताम्रपटांतील ‘पट्टकिल’ या अधिकारपदात दाखवले जाते. महाराष्ट्रात वंशपरंपरागत महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली, पण आडनाव टिकले.

पाटील गावोगावी होते, म्हणून हे आडनाव शेकडो ठिकाणी, वेगवेगळ्या जातींत, स्वतंत्रपणे जन्मले. अशा आडनावाचे जैविक मूळ एक असू शकत नाही, आणि ते तपासण्याचे साधन आज उपलब्ध आहे. आडनावाप्रमाणेच वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या फारच थोडे बदलते. ब्रिटनमध्ये २००० साली ‘साइक्स’ आडनावाच्या पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. म्हणजे त्यांचा मूळ पुरुष एकच असावा. उरलेल्यांत फरक पडण्यास दत्तकविधान किंवा आईचे आडनाव लावणे अशीही कारणे पुरेशी असतात. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. तेथेही गावोगावी लोहार असल्याने त्या आडनावाच्या पुरुषांत असा सारखेपणा आढळला नाही. आडनाव जितके दुर्मीळ, तितकी एका पूर्वजाची शक्यता अधिक. घणसोलीचे पाटील आणि कोल्हापूरचे पाटील यांना केवळ आडनावावरून भाऊबंद मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १९७० साली झाली आणि या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भूमिपुत्रांच्या घरांतील जुने सातबारे व फेरफार म्हणूनच मला मोलाचे वाटतात; ते जपून ठेवावेत. त्याहून मागे, मोडी कागदांपर्यंत गेले, की पुष्कळदा आडनाव गळून पडते आणि माणूस केवळ ‘अमुक बिन तमुक, मौजे अमुक’, म्हणजे कोणाचा मुलगा आणि कोणत्या गावचा, एवढ्यावर ओळखला जातो.