बार्ड (ऑनलाइन खेळांतील सपोर्ट पात्र)

फँटसी प्रकारच्या ऑनलाइन खेळांतले गाणारे-वाजवणारे पात्र. सोबत्यांचा जोर, वेग किंवा तग वाढवणे हे त्याचे मुख्य काम. खेळाडू त्याला 'बफ देणे' म्हणतात. शब्द मूळचा आयर्लंड-वेल्सच्या स्तुतिकवींचा, त्यामुळे 'भाट' हा प्रतिशब्द सुचतो. पण पोवाडा ऐकलेल्याला झीलकरी जास्त जवळचा वाटेल. शाहिराचा दम संपतो तिथे झील उचलायची, तीही अचूक मात्रेवर, टाळ्या शाहिराला.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात बार्ड १९७६ मध्ये आला. ऑनलाइन खेळांत त्याला घडवले ते १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'ने. तिथे एक गाणे लावायला ३ सेकंद लागत आणि थांबवल्यावरही असर थोडा वेळ रेंगाळे. तो विरण्याआधी दुसरे लावायचे, मग तिसरे, की पुन्हा पहिले. या कसरतीला 'ट्विस्टिंग' म्हणत. बोटांचे हाल वेगळे.

'लॉस्ट आर्क'चा बार्ड पक्का सपोर्ट. ८ जणांच्या रेडमध्ये, म्हणजे 'बॉस' या बलाढ्य शत्रूवरच्या सामूहिक चढाईत, चौघांच्या दोन पार्ट्या आणि प्रत्येकीत एक सपोर्ट, असा रिवाज. तो मिळेपर्यंत बाकीचे तिघे ताटकळतात.

'फायनल फँटसी १४'मधला बार्ड मात्र नावाला गवई, पेशाने तिरंदाज. त्याची गाणी ३, प्रत्येक ४५ सेकंदांचे, आणि एकदा लावलेले गाणे १२० सेकंदांनी पुन्हा हाती येते. बेरीज १३५ भरते, म्हणून एक गाणे मध्येच तोडून आवर्तन १२० वर समेला आणतात. एवढे करून एका गाण्याने गटाचा मारा वाढतो तो १ टक्का!

ठाणे-नवी मुंबईत बसून हे पात्र खेळणाऱ्याची खरी झुंज बॉसशी नसते, पिंगशी, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेशी असते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, पण 'फायनल फँटसी १४'चे सर्व्हर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात. साधारण अडीच सेकंदांच्या अंतराने सुटणाऱ्या दोन बाणांच्या मध्ये बार्डला बरेचदा दोन जादा चाली बसवाव्या लागतात. पिंग वाढला की दुसरी चाल मावत नाही, पुढचा बाण उशिरा सुटतो आणि ठेका ढळतो.

वेळेचे त्रांगडे निराळेच. जपानी गटाचा रात्री ९ चा रेड म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच. तेव्हा नोकरदार खेळाडू कचेरीत, नाहीतर ट्रान्सहार्बर लोकलच्या दारात. युरोपचा रात्री ८ चा रेड हिवाळ्यात इथे रात्री साडेबाराला सुरू होतो. वन-बीएचकेत घरचे झोपलेले, म्हणून माइक बंद ठेवून 'आता गाणे बदलतोय' हेही टाइप करूनच कळवायचे.

याच खेळात २०१७ पासून बार्डला खरोखर सूर वाजवता येतात. सप्तके ३, म्हणजे घरच्या पेटीइतकीच जवळपास. लढाईत त्यांचा उपयोग शून्य.