केबलच्या कुठल्या टोकाला शून्य मानायचं?

गच्चीवर टू-मीटर बँडचा (हौशी रेडिओचा १४४-१४६ मेगाहर्ट्झचा पट्टा) अँटेना, तिथून खाली खोलीत आलेली १५ मीटर आरजी-५८ ही बारीक कोॲक्स केबल, आणि केबलला नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं खिशात मावणारं यंत्र. पडद्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) २, म्हणजे काम फत्ते! आता वर जाऊन केबल अँटेनापासून सोडवा. मोकळ्या टोकाचा एसडब्ल्यूआर अनंत हवा. यंत्र दाखवतं ३ च्या आसपास.

१४५ मेगाहर्ट्झवर एवढी केबल जाताना साधारण निम्मी शक्ती खाते, परतताना उरलेल्यातली निम्मी. सगळी शक्ती परत फिरली तरी यंत्रापाशी पावच पोचते. बाकीची अँटेनानं घेतली असं यंत्र समजतं. अँटेनापाशी ५ असलेला एसडब्ल्यूआर खाली २ दिसतो तो असा.

म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक असलेल्या गोष्टी मोजून यंत्राच्या चुका ओळखणं, केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करायचं. तिथे ओपन (मोकळं टोक), शॉर्ट (मधली तार जाळीला जोडलेलं टोक) आणि ५० ओहमचा लोड (रोधक) आळीपाळीनं लावायचा. तीनच का? कारण चुका तीन आहेत. यंत्रात परतलेली लहर वेगळी काढणाऱ्या पुलाची (ब्रिजची) गळती, परतलेली लहर यंत्राच्या तोंडावर आपटून पुन्हा निघणं, आणि जाता-येता होणारी घट व कलाबदल (लहरीच्या फेजचं सरकणं). लोडचं परावर्तन शून्य, म्हणून त्यावर जे दिसतं ती निव्वळ गळती. ओपनचं अधिक एक, शॉर्टचं उणे एक. या दोन समीकरणांतून उरलेल्या दोन चुका सुटतात. केबल तिसऱ्या चुकीत जमा होऊन वजा होते.

आधी यंत्राच्या स्टिम्युलस मेन्यूत १४० ते १५० मेगाहर्ट्झ पट्टा लावा. मूळ नॅनोव्हीएनएत मोजणीचे बिंदू १०१. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ तसंच ठेवलं तर दोन बिंदूंत ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि १४४-१४६ चा अख्खा बँड त्या फटीत गडप होऊ शकतो. मग कॅलिब्रेशनच्या मेन्यूत रीसेट (हे विसरलात तर जुनी दुरुस्ती नव्यात मिसळते), ओपन, शॉर्ट, लोड, डन, सेव्ह ०. अँटेनासाठी थ्रू (यंत्राची दोन्ही पोर्टं एकमेकांना जोडायची पायरी) लागत नाही. कनेक्टरची फक्त नट फिरवा. अंग फिरलं की मधली पिन झिजते. कॅलिब्रेशननंतर २ सेंटिमीटरचा अडॅप्टर जोडला तर १४५ मेगाहर्ट्झवर कला सुमारे १० अंश सरकते. ७ मेगाहर्ट्झवर अर्धा अंश, तिथे खुशाल दुर्लक्ष करा.

तोच लोड परत लावून 'बरोबर आलं' म्हणणं ही तपासणी नव्हे. १०० ओहमचा साधा मेटल फिल्म रोधक, पाय अगदी आखूड कापून, लावा. एसडब्ल्यूआर २ च्या जवळ यायला हवा. मराठवाड्यात बोअर घेण्याआधी पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो, पण कोरड्या ठरलेल्या बोअरवर त्या नारळाची परीक्षा कुणी घेत नाही. न तपासलेलं यंत्रही नारळच.

उन्हाळ्यात यंत्र मोजणीच्या जागी, सावलीत, दहा मिनिटं चालू ठेवून मग कॅलिब्रेट करा. कोरड्या वाऱ्यात लांब तारेवर स्थिर विद्युत साचते, म्हणून अँटेनाकडून आलेली तार जोडण्याआधी तिची मधली तार आणि जाळी क्षणभर एकमेकींना टेकवा. नाहीतर पहिल्याच ठिणगीत पोर्ट जातं.