मांडणीच्या कप्प्यात मेथी: ९ वॅटच्या बल्बांचे गणित आणि जोडणी

फ्लॅटच्या स्वयंपाकघरात खिडकीपासून चार हात आत ठेवलेली कुंडी आपल्याला चांगल्या उजेडात दिसते, पण रोप मात्र उपाशी असते. फसवणूक आपल्या डोळ्यांची आहे. रात्री ट्यूब लावलेल्या खोलीत १५० ते ३०० लक्स (चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड असतो, भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. डोळ्यांची बाहुली मोठी-लहान होते, आतल्या पडद्याची संवेदनशीलताही बदलते आणि हा शेकडो पटींचा फरक पचून जातो. पानाला अशी सोय नाही. त्याला जितके प्रकाशकण मिळतील तितकीच साखर बनते. मेथी, कोथिंबीर, पालक, लेट्यूस अशा पालेभाज्यांना धड वाढायला दिवसाचे १२ ते १४ तास किमान १०,००० लक्स लागतात. एवढा उजेड नेहमीच्या साध्या एलईडी बल्बांनी देता येतो, फक्त जागा लहान हवी आणि बल्ब जवळ हवेत.

पालेभाजीपुरते ठरवा आणि ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद कप्पा धरा. मांडणीचा एक खण साधारण एवढाच असतो. क्षेत्रफळ झाले ०.१८ चौरस मीटर. बल्बच्या डब्यावर ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. हिरवा-पिवळा उजेड डोळ्याला जास्त भासतो म्हणून त्यात त्याला जास्त वजन दिलेले असते. वनस्पतिशास्त्रात मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण नुसते मोजतात आणि त्यांचे एकक आहे मायक्रोमोल. पांढऱ्या एलईडीपुरता या दोन मापांमध्ये कामचलाऊ पूल आहे: ल्युमेनला ७० ने भागले की सेकंदाला मिळणारे मायक्रोमोल येतात. उन्हासाठी हाच भाजक सुमारे ५४ असतो, म्हणून उन्हाचे आणि बल्बचे लक्स थेट तोलू नयेत.

९ वॅटचा चांगला बल्ब ९०० ल्युमेनच्या आसपास देतो, म्हणजे सेकंदाला १३ मायक्रोमोल. चार बल्बांचे ५२. त्यातला सगळा उजेड पानांवर पडत नाही. कडेने पांढरे पडदे नीट लावले तर सत्तर टक्के हिशेबात धरावा, म्हणजे ३६. त्याला ०.१८ ने भागले की चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल येतात. १४ तास दिवे चालले तर दिवसभरात चौरस मीटरला १० मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). मायक्रोग्रीन्सना (कोवळेपणीच कापून खायच्या रोपांना) ६ ते १० पुरतात आणि पालेभाज्या १० ते १४ मध्ये खूश असतात. टोमॅटो-मिरचीला मात्र २० च्या पुढे लागतात. त्याच कप्प्यात १६ तास चालवूनही त्यासाठी सात बल्ब लागतील आणि फळ धरायच्या आत झाड कप्प्याबाहेर डोके काढेल. तो नाद सोडलेला बरा.

एकच ३६ वॅटचा मोठा बल्ब का नको? कारण त्याच्याखाली मधोमध पाने भाजतात आणि कडेची रोपे मधल्या उजेडाकडे वाकतात. चार लहान बल्ब एका रांगेत, १५ सेंमी अंतराने (कप्प्याच्या एका कडेपासून ७.५, २२.५, ३७.५ आणि ५२.५ सेंमीवर) बसवले तर उजेड बराच सारखा पडतो. तरी मध्य आणि टोके यांत फरक राहतोच. दर दोन-तीन दिवसांनी ट्रे फिरवून ठेवावा.

बाजारात गुलाबी-जांभळा ‘ग्रो लाइट’ मिळतो. त्यामागचा तर्क असा की हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषते, मग हिरवा कशाला वाया घालवा? पण हे दाखवणारा आलेख द्रावणात काढलेल्या हरितद्रव्याचा आहे, पानाचा नव्हे. १९७२ साली कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर मोजमाप करून दाखवले की हिरवा प्रकाशही पाने चांगला वापरतात. तांबड्यापेक्षा थोडा कमी, एवढेच. शिवाय हिरवा प्रकाश पानात खोलवर आणि वरच्या पानांतून खालच्या पानांपर्यंत पोचतो. आणखी एक अडचण रोजची आहे. जांभळ्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते आणि पिवळे पडलेले नीट ओळखू येत नाही, मग रोग आणि अन्नाची कमतरता उशिरा लक्षात येते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर; त्यात निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे येते.

रंगाची निवड डब्यावरच्या केल्विनवरून करावी. ६५०० केल्विनच्या ‘कूल डे-लाइट’मध्ये निळा भाग जास्त असतो, त्याने खोडे बुटकी आणि पाने जाड राहतात. ३००० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली रोपे उंच होतात आणि पाने रुंद होतात. पालेभाजीला चारही ६५०० चे चालतात. दोन-दोन मिसळले तर थोडे बरे. डब्यावर आयएस १६१०२ हे मानक आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. बिननावाच्या बल्बवर १२ वॅट लिहिलेले असते आणि आत ७ वॅटचा माल निघतो, मग वरचे सगळे गणित कोसळते.

आता जोडणी. १२ मिमी प्लायची ६० बाय १० सेंमीची पट्टी घ्या आणि तिला पांढरा मॅट रंग द्या. तिच्यावर चार बॅटन होल्डर स्क्रूने बसवा. ०.७५ चौरस मिमीची तीन गाभ्यांची लवचीक केबल, ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आणि केबल झाकायला केसिंग-कॅपिंगची पट्टी लागेल. सगळे होल्डर समांतर जोडायचे: प्रत्येक होल्डरच्या एका स्क्रूला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल, आणि तिथूनच पुढच्या होल्डरला दोन तारा. तारेची टोके पिळून स्क्रूखाली घट्ट बसवा. एखादी केसासारखी तार बाहेर राहिली की ठिणगी पडते. चार बल्ब मिळून ३६ वॅट, आणि स्वस्त ड्रायव्हरचा (बल्बच्या आतल्या, चिप्सना वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) पॉवर फॅक्टर वाईट धरूनही प्रवाह ०.३ अँपिअरच्या आसपास. भार अगदीच किरकोळ आहे. धोका आहे तो ओलाव्याचा.

म्हणून तीन गोष्टी टाळू नयेत. मांडणी लोखंडी किंवा स्टीलची असेल तर केबलमधली हिरवी अर्थिंगची तार रंग खरवडून तिच्या सांगाड्याला नट-बोल्टने पक्की करावी. हा सॉकेट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) असावा. घराच्या डीबीत (मीटरनंतरच्या स्विचांच्या पेटीत) तो नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी तो बसवून घ्यावा. आणि प्लगकडे जाणारी केबल सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळातच टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. पाणी फवारताना दिवे बंद ठेवावेत.

पट्टी कप्प्याच्या छताला थेट ठोकू नये. दोन साखळ्या आणि एस-हूक वापरले की रोप वाढेल तशी ती वर घेता येते. बल्बचे टोक आणि पानांचे शेंडे यांत १५ ते २० सेंमी अंतर ठेवावे. ट्रेची उंची १०, रोपे १५, मधली जागा २०, होल्डरसकट बल्ब १५. म्हणजे खण ६० सेंमी उंच हवा. एवढी उंची नसेल तर बल्ब आडवे लावायचा मोह होतो. पण साध्या बल्बचा उजेड मुख्यतः टोकाच्या दिशेने जातो, आडवा लावला की बराचसा भिंतीवर पडतो. त्यापेक्षा बुटके मायक्रोग्रीन्स घ्यावेत.

बाजूच्या पडद्यांना लोक दुय्यम समजतात, खरे तर अर्धी बाजी तिथेच आहे. उघड्या मांडणीत निम्मा उजेडही पानांवर येत नाही, उरलेला खोली उजळतो. पांढऱ्या मॅट रंगाचे हार्डबोर्ड किंवा पांढरी सनबोर्ड शीट तीन बाजूंना लावा, पुढची बाजू काढता-घालता येईल अशी ठेवा. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चमकते खूप, पण सुरकुत्यांमुळे उजेड भलतीकडे फेकते, शिवाय ती विजेची वाहक आहे. थर्मोकोल पांढरा असला तरी लवकर पेटतो, तारांजवळ नकोच.

वरची बाजू मात्र उघडी ठेवा. बल्बमधली निम्म्याहून अधिक वीज थेट उष्णतेत जाते आणि ड्रायव्हर नेमका बुडाशी, म्हणजे उलट्या टांगलेल्या बल्बच्या वरच्या टोकाला असतो. तिथे गरम हवा साचली की ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतो. ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात लावलेले बल्ब म्हणूनच लवकर जातात. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० मिमीचा पंखा अॅडॉप्टरवर मंद चालवला की बल्बही थंड राहतात आणि पानांवरचा ओलावाही हटतो.

बल्बचा पांढरा घुमट कापून काढायचा सल्ला अनेकदा मिळतो. त्याने साधारण दहा टक्के उजेड वाढतो हे खरे आहे. पण स्वस्त बल्बांमध्ये ड्रायव्हर मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे उघड्या पडलेल्या चिप्सच्या पाटीवर २३० व्होल्टच्या लाइनचा धोका थेट असतो, तेही ओली माती आणि ओले हात यांच्या शेजारी. तेवढाच उजेड पट्टी दोन-तीन सेंमी खाली घेऊन फुकट मिळतो. चिप्स एकामागे एक जोडलेल्या असल्याने एक जळली की सगळा बल्ब विझतो. काळा ठिपका पडलेली चिप शॉर्ट करून तो चालू करण्याचा उद्योगही इथे करू नये.

वेळेसाठी टायमर लागतोच, हाताने कुणी रोज पाळत नाही. खुंट्या दाबायचा यांत्रिक टायमर स्वस्त आणि टिकाऊ, पण वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते. भारनियमन असलेल्या गावात आठवड्याभरात त्याची सकाळ दुपारवर सरकते. तिथे आत बॅटरी असलेला डिजिटल घ्यावा. मेथी आणि लेट्यूसला १४ तास ठेवा. कोथिंबिरीला १२ पुरे; दिवस लांबला आणि उकाडा वाढला की ती पाने सोडून दांड्याला आणि फुलाला लागते. २४ तास दिवे जाळून दुप्पट भाजी येत नाही.

धणे रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवले तर आठ-दहा दिवसांत उगवतात, मेथी तीन-चार दिवसांत. कोंब दिसला त्याच दिवशी दिवे सुरू करायचे. इथे दोन दिवसांची चालढकल झाली तर रोपे पांढरी, सुतासारखी लांब होऊन आडवी पडतात आणि नंतर कितीही उजेड दिला तरी सावरत नाहीत. वाढीच्या मध्यात पेरे लांबू लागले तर बल्ब दूर आहेत. शेंड्याची पाने फिकट पडून कडा वर वळल्या तर फार जवळ. मातीलगत खोड काळे होऊन रोप कोसळले तर दोष उजेडाचा नाही, पाणी जास्त आणि वारा कमी. लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तरी आधी पंखाच तपासावा: हवा साचली की पानातून बाष्प कमी उडते आणि त्याच्याबरोबर वर जाणारे कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचत नाही.

खर्चाचे बोलायचे तर ३६ वॅट १४ तास म्हणजे रोज अर्धे युनिट, महिन्याला १५. युनिटला ८ ते १० रुपये धरले तर १२० ते १५० रुपये. ट्रेमधून निघणाऱ्या मेथीचा जुडीच्या भावाशी ताळा मांडला तर एरवी हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. आषाढ-श्रावणात कोथिंबीर कडाडते तेव्हाच थोडी तोंडमिळवणी होते. हौस, ताजेपणा आणि फवारणीविना पाला, यासाठीच हे करावे.

लांब, १२० सेंमीचा कप्पा असेल तर बल्बांऐवजी २० वॅटच्या चार फुटी एलईडी बॅटन (ट्यूबसारख्या पट्ट्या) सोयीच्या. दोन हजार ल्युमेनच्या दोन बॅटन लावल्या तर ११० मायक्रोमोल भरतात, ते १६ तास चालवले तर फक्त मायक्रोग्रीन्सना पुरतात. पालेभाजीला चार लागतील.

मोजायला लक्समीटर उत्तम. फोनमधले अॅप खरा आकडा देईलच असे नाही, पण त्याच फोनने मध्य आणि कडा यांची तुलना नक्की होते. पानांच्या उंचीवर १४,००० लक्सच्या आसपास आकडा यायला हवा. दर महिन्याला दिवे बंद आणि गार असताना घुमट कोरड्या फडक्याने पुसा, मग पुन्हा मोजा. आकडा १०,००० च्या खाली उतरला तर आधी पट्टी खाली घ्या, मग तास वाढवा; बल्ब बदलणे शेवटी, आणि तेही सर्वांत मंद झालेल्यापासून.