आजारपण, नवस आणि आभार : गोव्यातली पार्श्वभूमी

आजारपणात देवाचे आभार मानण्याची गोव्यातली रीत जुनी आहे, पण तिचा क्रम ठरलेला. आधी गाऱ्हाणे, मग नवस, आणि गुण आला की फेड. घरात कोणी अंथरूण धरले की देवळात कौल लावायचा. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, पुजारी देवापुढे प्रश्न मांडतो आणि घरची माणसे पाकळी कुठल्या बाजूची पडते तिकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली की रोगी तसाच तापात असतो, पण घरच्यांच्या जिवात जीव येतो.

ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही फार निराळे नाही. ओल्ड गोव्याच्या फेस्तात, म्हणजे संताच्या सणात, मेणाचे हात, पाय विकायला असतात. जे दुखते ते वाहायचे. ज्यांच्या नावाने ते फेस्त भरते ते फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले, तेव्हा त्यांनी मुक्काम केला तो इस्पितळात, रोग्यांची सेवा करत.

पुढे ओल्ड गोव्याचे ते भरभराटीचे शहर वारंवारच्या साथींनी ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

साथीतून उभा राहिलेला सोहळा मात्र वास्कोचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने वास्कोही गाठले. गावकरी जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथून प्रसादाचे श्रीफळ आणले, ते वास्कोत पुजले आणि अखंड भजन मांडले. साथ ओसरली ती दामोदराच्या कृपेने, ही तिथली श्रद्धा. आजही श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवे श्रीफळ ठेवतात आणि जुने समुद्रात सोडतात. भजनी मंडळे पाळीपाळीने बसतात, निरनिराळ्या समाजांचे आणि व्यावसायिकांचे पार, म्हणजे मिरवणुका, येतात. चोवीस तास सूर तुटू द्यायचा नाही. प्लेग कसा असतो हे ज्यांनी पाहिलेच नाही ती माणसे पणजोबांचे आभार फेडताहेत. नवस एकदा फेडून मोकळे व्हायचे असते, तसे इथे कोणी झालेच नाही, हे मला विशेष वाटते.

पण नवसाच्या वाटेला एक अडचण आहे. गुणच आला नाही तर? मग कोणीतरी म्हणतेच, ‘श्रद्धा कमी पडली.’ दुखणेही रोग्याचे आणि दोषही रोग्याचाच. त्यापेक्षा गाऱ्हाणे बरे. त्यात निदान देवाशी भांडायची सोय असते. हल्ली ‘सकारात्मक राहा, आभार माना’ म्हणणारे ती सोयसुद्धा ठेवत नाहीत.

बरे होण्याची अट सुटली ती हॉस्पिसच्या, म्हणजे मरणासन्न रोग्यांच्या शुश्रूषागृहाच्या, विचारात. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाचे दुखणे शरीराबरोबर मनाचे, नात्यागोत्यांचे आणि आयुष्याच्या अर्थाचेही असते, हे त्यांचे म्हणणे. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे हॉस्पिस निघाले. त्याची शाखा आपल्याकडे लोटलीत आहे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेच्या, व्याख्येत आध्यात्मिक प्रश्नही धरले. या पद्धतीत पहिला मान वेदनाशामकाचा, गरज पडली तर मॉर्फिनचा. कळा थांबल्यावर माणूस पेजेचे दोन घोट घेतो, भावाला निरोप धाडतो, कुणी जपमाळ मागतो, कुणी पाठ फिरवून झोपतो. बरे होणार नाही हे ठाऊक असूनही यातले काहीजण आभार मानतात, काहीजण नाही.